बायरन बे: वारा पाहून ठरवायचे सहा दिवस

बायरन बेची सहल आखताना बहुतेक जण एकेका दिवसाला एकेक ठिकाण वाटून टाकतात. सोमवारी दीपगृह, मंगळवारी स्नॉर्केलिंग, बुधवारी सर्फिंग. कागदावर ते नीट बसतं आणि दुसऱ्याच दिवशी मोडतं, कारण इथला दिवस वारा ठरवतो. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सर्वांत पूर्वेकडचं टोक, म्हणजे केप बायरन, इथेच समुद्रात शिरलेलं आहे. त्या भूशिराच्या उत्तर अंगाला उपसागर आणि त्याच्या काठाने गाव, तर दक्षिण अंगाला टॅलोची लांबच लांब, उघडी पुळण. एका बाजूला पोरांनी डुंबावं इतकं शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला उधाणलेला समुद्र, अंतर मात्र गाडीने दहा मिनिटांचं, असे दिवस इथे वर्षभरात कितीतरी येतात. म्हणून खालचे दिवस क्रमाने लिहिले असले तरी तिसरा, चौथा आणि पाचवा एकमेकांशी अदलाबदल करता येतील असेच ठेवले आहेत. बुकिंग करतानाही ही सवड राखा.

निघण्याआधी

बायरन साधारण साडेअठ्ठावीस अंश दक्षिण अक्षांशावर आहे. हवा उपोष्ण कटिबंधाची, ऋतू आपल्या उलटे. जानेवारीत दिवसाचं तापमान 28 अंशांच्या आसपास, जुलैत 19-20 अंश. पाऊस बारा महिने पडतो; उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत (तिथला शरद मार्च ते मे) सर्वांत जास्त, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. पाण्याचं गणित हवेपेक्षा दोन महिने मागे चालतं. समुद्र सर्वांत ऊबदार फेब्रुवारी-मार्चमध्ये (25-26 अंश) आणि सर्वांत गार ऑगस्टच्या सुमारास (19-20 अंश). म्हणजे कोरडी हवा हवी असेल तर पाणी गार मिळतं आणि पाणी ऊबदार हवं असेल तर पावसाची जोखीम घ्यावी लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा हा काळ निवडावा. आकाश स्वच्छ, वारे त्यातल्या त्यात सरळ, पिलांसह दक्षिणेला परतणारे हंपबॅक देवमासे आणि शाळांच्या सुट्ट्या अजून सुरू व्हायच्या असतात. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर मे महिना चांगला. पाणी अजून पुरेसं ऊबदार असतं आणि गर्दी ओसरलेली असते. नाताळ ते जानेवारीअखेर आणि ईस्टर टाळा. भाडी चढतात, मुक्कामाला किमान रात्रींची अट लागते आणि गावात शिरायलाच रांग लागते.

राहण्याची जागा घेताना एक गोष्ट तपासा. बायरन ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराला नोंदणी क्रमांक लागतो आणि तो 'पीआयडी-एसटीआरए' या अक्षरांनी सुरू होतो. जाहिरातीत तो नसेल तर ते घर सोडून द्या. शिवाय सप्टेंबर 2024 पासून बायरन परिसराच्या बहुतेक भागात, मालक स्वतः राहत नसलेलं घर वर्षाला 60 दिवसांपेक्षा जास्त असं भाड्याने देता येत नाही. गावातले काही ठरावीक पट्टे यातून वगळलेले आहेत. त्यामुळे गावाबाहेरची चांगली घरं आता कमी झाली आहेत आणि लवकर संपतात. गाडी घेणार नसाल तर जॉन्सन स्ट्रीट या गावाच्या मुख्य रस्त्यापासून चालत पोहोचता येईल असंच ठिकाण घ्या. गाडी असेल तर पाचेक किलोमीटर दक्षिणेचं सफक पार्क जास्त शांत आहे आणि टॅलोची पुळण तिथून पायी गाठता येते.

भारतीय पासपोर्टवर भेटीसाठीचा व्हिसा म्हणजे सबक्लास 600. अर्ज ऑनलाइन होतो. आधी व्हिसा, मग परत न मिळणारी तिकिटं, हा क्रम सोडू नका. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांच्या वापरापेक्षा जास्त नाहीत अशी न्या. भारतीय प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. तिरप्या दोन पात्यांचा अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या आणि सोबत एक आपला एक्स्टेंशन बोर्ड ठेवा. एका अ‍ॅडॉप्टरवर सगळ्यांचे चार्जर चालतात.

खाण्याच्या वस्तूंबाबत ऑस्ट्रेलिया अतिशय कडक आहे. फळं, बिया, कढीपत्ता, दुधातुपाचे पदार्थ, लोणची, घरचे लाडू, जे काही असेल ते विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रिकेवर 'आहे' म्हणून लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जागेवर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. पिशवीत विसरलेलं केळं हासुद्धा गुन्हाच धरला जातो, म्हणून उतरण्यापूर्वी पाठपिशव्यांचे सगळे कप्पे झाडून पाहा.

पहिला दिवस: पोहोचणं

जवळचे विमानतळ दोन. दक्षिणेला बॅलिना, साधारण अर्ध्या तासावर, आणि उत्तरेला गोल्ड कोस्ट, तासाभरावर. ब्रिस्बेनहून आलात तर दोन ते अडीच तास धरा. बॅलिना लहान आणि सोयीचा, पण विमानं कमी. सिडनीचं जोडविमान चुकलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागू शकतं. सिडनीत आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनल वेगळी आहेत, सामान घेऊन मधे जावं लागतं, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा.

गोल्ड कोस्टहून येणाऱ्यांसाठी घड्याळाची एक अडचण आहे. तो विमानतळ क्वीन्सलँडमध्ये, बायरन न्यू साउथ वेल्समध्ये. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्स घड्याळ एक तास पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. त्या काळात दुपारी दोनला विमानातून उतरलात तर बायरनमध्ये तेव्हाच तीन वाजलेले असतात आणि गावात पोहोचेपर्यंत साडेचार होतात. गोल्ड कोस्टला राहून बायरनची सकाळची बोट पकडू पाहणारे इथेच चुकतात. सीमेजवळ फोन आपोआप एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर उड्या मारतो, म्हणून गजर लावताना 'सिडनी' ही वेळ हाताने निवडून ठेवा.

गाडी भाड्याने घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. परवाना इंग्रजीत असेल तर भाषांतर लागत नाही. वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच, पण चक्री चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीला वाट द्यावीच लागते. शाळेच्या दिवशी सकाळी 8 ते 9:30 आणि दुपारी 2:30 ते 4 शाळांजवळ ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असते. सात वर्षांखालच्या मुलाला मंजूर सुरक्षा आसन सक्तीचं, ते गाडीबरोबरच बुक करा. चालकाच्या हातातला फोन टिपणारे कॅमेरे रस्त्यांवर आहेत आणि दंड जबर आहे.

महामार्गावरून गावात शिरणारा युइंग्सडेल रोड हा बायरनचा अरुंद गळा. शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर आणि सुट्टीच्या काळात रोजच तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. मुक्कामाला जाण्याआधी किराणा घ्यायचा तर बॅलिनातच घेऊन टाका.

पहिल्या दिवशी आणखी काही ठेवू नका. भारत साडेचार तास मागे आहे (उन्हाळी वेळेत साडेपाच), त्यामुळे तिथले सकाळचे सहा म्हणजे शरीराला रात्रीचा दीड. सूर्योदयाचा बेत म्हणूनच दुसऱ्या दिवशी ठेवायचा नाही. संध्याकाळी मेन बीचवर चालून या आणि पाणी नुसतं पाहा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर फोडणी देण्याआधी धूर ओढणारा पंखा चालू करा आणि दार-खिडकी उघडा. धुराची सूचना देणारी घंटा मोहरी-मिरचीच्या धुरानेही वाजते आणि काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते. उगाच गाडी आली तर तिचा खर्च पाहुण्याच्या माथी पडतो.

दुसरा दिवस: सकाळी पाणी, दुपारी भूशिर

सकाळी उठल्यावर चहाबरोबर हवामान खात्याचं सागरी भाकीत उघडायचं. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या यादीत या पट्ट्याचं नाव 'बायरन कोस्ट' असं आहे. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आणि दूरवरून येणाऱ्या लाटांची दिशा व उंची.

वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा असेल तर भूशिर आडवं येतं आणि उत्तर अंगाचे किनारे, म्हणजे वॉटेगोज, द पास, क्लार्क्स आणि मेन बीच, आडोशाला राहतात. दक्षिणेकडून येणाऱ्या लाटाही भूशिराला वळसा घालून, जोर कमी होऊन आत पोहोचतात. तोच वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा झाला की उपसागर थेट त्याच्या तोंडी येतो, पाणी ढवळतं, वाळू उडते. अशा वेळी टॅलोच्या उत्तर टोकाला भूशिराच्या कुशीत जरा आडोसा मिळतो. उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला आणि अकरा-बारानंतर ईशान्येचा खारा वारा सुटलेला, हे जवळजवळ रोजचंच. पाण्यातलं सगळं सकाळी उरकण्याचं कारण ते. दहा नॉटपर्यंतचा वारा सुखाचा, पंधराच्या पुढे त्रासाचा, वीसच्या पुढे सरळ डोंगराकडे निघावं. पूर्वेकडून दोन मीटरच्या लाटा येत असतील तर वारा कसाही असो, नवख्याने कुठल्याच किनाऱ्यावर कमरेच्या पुढे जाऊ नये.

पहिली डुबकी मेन बीचवर, जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. झेंडे कुठे रोवायचे हे ते रोज पाणी पाहून ठरवतात, म्हणून कालची जागा आज चालत नाही. इतर किनाऱ्यांवर पहारा ठरावीक काळातच असतो. 'बीचसेफ' अ‍ॅपवर त्या दिवसाची स्थिती दिसते.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्यावरून आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह, ओळखायला इथेच शिका. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटं जरा उंचावर उभं राहून पाहा. जिथे लाटा फुटतायत तिथे पाणी उथळ आहे. त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे एक गडद, गुळगुळीत, लाटा न फुटणारी वाट दिसते. नवख्याला तीच सुरक्षित वाटते, कारण ती शांत असते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत आत ओढलं जात असतं. नीट पाहिलं तर तिच्यावरून फेस आणि गढूळ वाळू समुद्राकडे सरकताना दिसते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारू नका. दमछाक होते आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. पाठीवर तरंगा, एक हात वर करून हाक द्या, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने पोहा. त्या लाटाच बाहेर ढकलतात.

साडी, सलवार-कमीज किंवा जीन्समध्ये लाटांत उतरू नका. भिजलेलं कापड पायांना वेढतं आणि तोल गेल्यावर उठू देत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घ्या, अंगही झाकतो आणि ऊनही अडवतो. इथलं ऊन वाटतं त्यापेक्षा कडक असतं. अतिनील किरणांचा निर्देशांक 3 वर पोहोचला की संरक्षण घ्यावं असं तिथला आरोग्यविभाग सांगतो आणि उन्हाळ्यात दुपारी तो 11-12 च्या पुढे जातो. एसपीएफ 50 चं क्रीम बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून निघाल्यावर पुन्हा.

दुपारी जेवून भूशिराची वाट धरा. पूर्ण फेरी 3.7 किलोमीटरची, दोन तासांची, थांबत-पाहत गेलात तर तीन. बहुतेक लोक सकाळीच जातात. देवमासे पाहायचे तर दुपार जास्त चांगली, कारण टोकावरून पूर्वेला पाहताना सूर्य पाठीमागे असतो आणि पाण्यावरची चमक डोळ्यांत जात नाही. वारा दहा नॉटच्या आत असेल अशी दुपार निवडा. वाऱ्याने पाणी पांढरं झालं की प्रत्येक लाट फवाऱ्यासारखी दिसते.

सुरुवात लाइटहाऊस रोडवरच्या कॅप्टन कुक लुकआउटपासून. तिथून द पास, मग मच्छीमारांच्या टेहळणीच्या खडकावर पायऱ्यांनी दोन मिनिटांत चढून खाली सर्फिंग करणाऱ्यांची लांब, त्यांच्या उजवीकडे फुटत जाणारी लाट पाहायची. पुढे किनारी वर्षावन, वॉटेगोज, लिटल वॉटेगोजचा फाटा आणि सर्वांत पूर्वेकडच्या बिंदूची पाटी. वॉटेगोजनंतरचा पायऱ्यांचा टप्पा दम काढतो. गुडघे दुखत असतील त्यांनी गाडीने दीपगृहापर्यंत जाऊन तिथूनच पाहावं, दृश्यात काही कमी पडत नाही. वरचा वाहनतळ मात्र लहान आणि सशुल्क आहे. गावातही ठिकठिकाणी गाडीचा नंबर टाकून पैसे भरावे लागतात. काचेवर चिठ्ठी दिसत नाही म्हणून ते फुकट आहे असं समजू नका.

दीपगृह 1901 सालचं. पांढरा, साधारण 22 मीटर उंच मनोरा, पण कड्यावर असल्यामुळे दिवा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या वर येतो. 1989 मध्ये ते स्वयंचलित झालं आणि दिवेकरी गेले. कुकने 1770 मध्ये या टोकाला नाव दिलं ते जॉन बायरन या दर्यावर्द्याचं, कवी बायरनच्या आजोबांचं. या भूमीचे मूळ लोक बंडजलंग समूहातले अरकवाल; शेजारच्या अरकवाल राष्ट्रीय उद्यानाचा कारभार तेही पाहतात.

कठड्याशी उभं राहून दुर्बीण (8×42 पुरते) लगेच डोळ्याला लावू नका. आधी उघड्या डोळ्यांनी क्षितिजाच्या जरा अलीकडची पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. फवारा दिसला की तिथे नजर रोखून मग दुर्बीण उचला. देवमासा एकदा श्वास घेऊन बुडाला की काही मिनिटांनी पुढच्या अंगाला वर येतो. जून-जुलैत उत्तरेकडे म्हणजे डावीकडे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडे, उजवीकडे. पिलू बरोबर असेल तर माय-लेकरं किनाऱ्याजवळून, हळू जातात. पिलू वारंवार वर येतं आणि त्याचा फवारा बुटका असतो.

तिसरा दिवस: ज्युलियन रॉक्स

मेन बीचवरून समोर समुद्रात अडीच किलोमीटरवर दोन काळे सुळके दिसतात, ते ज्युलियन रॉक्स, मूळ नाव न्गुथुंगुली. केप बायरन सागरी उद्यानाचा हा गाभा. उत्तरेकडून ऊबदार पाणी आणणारा पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह आणि दक्षिणेचं गार पाणी इथे एकमेकांत मिसळतं. त्यामुळे प्रवाळाजवळचे मासे आणि थंड पाण्यातले मासे एकाच खडकावर दिसतात. बायरनमध्ये एकाच गोष्टीसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ती हीच.

कोणत्या महिन्यात काय दिसतं हे ठरलेलं आहे. कासवं वर्षभर. उन्हाळ्यात तळावर पहुडणारे बिबट्या-शार्क आणि मांटा रे. हिवाळ्यात ग्रे नर्स शार्क, दिसायला भेसूर पण डुबकी मारणाऱ्यांना न त्रास देणारा. स्नॉर्केलिंगला पोहणं यायला हवं, म्हणजे खोल पाण्यात न घाबरता दहा मिनिटं तरंगता यायला हवं. ते येत नसेल तर बोटीवर बसून राहण्यात अर्थ नाही. पोहता न येणाऱ्यांनी ती सकाळ वॉटेगोजवर घालवावी.

बोटी द पासच्या वाळूवरूनच सुटतात. रबरी बोट प्रवाशांनी धरून पाण्यात लोटायची, चढायचं आणि फुटणाऱ्या लाटांतून बाहेर पडायचं, असा सगळा प्रकार. प्रवास दहाएक मिनिटांचा, धक्के मात्र खरे, म्हणून पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. उलटीची गोळी सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगाची नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा. वेटसूट, म्हणजे ऊब राखणारा रबरी पोशाख, उन्हाळ्यातही घ्या. अर्धा तास पाण्यात स्थिर तरंगलं की 24 अंशांचं पाणीही अंगातली ऊब काढून घेतं.

स्कूबाचा अर्ज भरताना दमा, रक्तदाब, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही 'हो' लिहिलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि ते ऐन वेळी गावात मिळवणं खर्चिक पडतं. घरूनच घेऊन या. एका डुबकीनंतर 12 तास, एकापेक्षा जास्त डुबक्या घेतल्या तर 18 तास विमानात बसायचं नाही. स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवत नाहीत ते यासाठी. लाटा वाढल्या की फेऱ्या रद्द होतात, आणि मोठ्या पावसानंतर पाणी दोन-तीन दिवस गढूळ राहतं. म्हणून सहलीतल्या पहिल्या चांगल्या सकाळीच ही फेरी करून टाका. 'उद्या करू' म्हणणाऱ्यांचं हेच राहून जातं.

ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ब्लूबॉटल. बोटभर लांबीचा निळा, पारदर्शक फुगा, खाली लोंबणारा निळा धागा. वाळूच्या कडेला ते पडलेले दिसले तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही आणि वाळूवरच्यांनाही पाय लावायचा नाही. मेल्यावरही डंख राहतो. धागा चिकटलाच तर चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुऊन काढा, मग डंखाची जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, वीस मिनिटं ठेवा. पाणी किती गरम आहे ते डंख न झालेल्या माणसाने हात घालून पाहावं. व्हिनेगर या जातीला लावायचं नसतं. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर 000 वर फोन. क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडच्या मगरींची धास्ती मात्र इथे बाळगायचं कारण नाही. शार्कबाबत 'शार्कस्मार्ट' अ‍ॅप पाहा आणि पहाटे, तिन्हीसांजेला व गढूळ पाण्यात पोहू नका.

चौथा दिवस: डोंगराकडे

हा दिवस वाऱ्याला द्यायचा. किनारा नकोसा होईल त्या दिवशी आत वळा. सकाळी बँगलो, जुन्या लाकडी घरांचं टेकडीवरचं गाव, आणि मग नाइटकॅप राष्ट्रीय उद्यानातला मिनियन धबधबा. बायरनहून तासाभराचा रस्ता, अरुंद आणि वळणांचा. धबधबा शंभरेक मीटरचा. वाहनतळापासून कठडा अगदी जवळ आहे, त्यामुळे वयस्कांनाही सहज पाहता येतो. तळाशी उतरणारी वाट अर्धा दिवस खाते आणि पावसानंतर निसरडी होते. ती उघडी आहे का, हे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर त्याच सकाळी पाहा. इथलं जंगल गोंडवाना वर्षावनांच्या जागतिक वारशात मोडतं. 1979 मध्ये जवळच्याच टेरेनिया क्रीकला लोकांनी यंत्रांपुढे उभं राहून वृक्षतोड अडवली, म्हणून ते आज बघायला मिळतं.

जंगलात तीन गोष्टी सांभाळा. जळवा: पँट मोज्यात खोचा, मीठ जवळ ठेवा. गोचीड: चिमटीत धरून ओढू नका, कारण दाबली गेली की ती विष आत सोडते. औषधाच्या दुकानात गोचीड गोठवून मारणारा फवारा मिळतो, तो मारून तिला आपसूक गळू द्यायचं. आणि डंखाचं झाड: हृदयाच्या आकाराची, मोठी, बारीक लव असलेली, भोकं पडलेली पानं. त्या लवेच्या काचेसारख्या सुया कातडीत राहतात आणि वेदना आठवडेच्या आठवडे परत येते. वाट सोडायची नाही आणि ओळख नसलेल्या पानाला हात लावायचा नाही.

निघताना टाकी भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. मधे रेंज जाते. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू असतो का, ते करारात वाचा. बहुतेक वेळा नसतो. अंधार पडण्याआधी परता, कारण वॉलबी (लहान कांगारू) तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. पाऊस कोसळत असेल तर हा बेत रद्द. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस जवळचं लिस्मोर शहर पाण्याखाली गेलं ते याच डोंगरांवरच्या पावसाने, आणि लहान पूल आजही लवकर बुडतात. पाण्याखालच्या रस्त्यावर गाडी घालू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी.

पाचवा दिवस: सूर्योदय आणि सर्फिंग

आता झोप जुळलेली असते. सप्टेंबरच्या मध्यात सूर्योदय पावणेसहाला, जूनअखेर साडेसहानंतर. दीपगृहाशी त्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण रंग उगवण्याआधीचेच जास्त चांगले. टोकावर वारा झोंबतो, हिवाळ्यात जाकीट हवंच.

सर्फिंगचा पहिला धडा अडीचेक तासांचा. मऊ पृष्ठभागाचा लांब बोर्ड घ्या. लहान बोर्ड नवख्याला तोलत नाही. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या पांढऱ्या लाटेवरच उभं राहायचं असतं. द पासची लाट सुंदर आहे आणि म्हणूनच गच्च भरलेली. लाटेच्या शिखराजवळ जो आधी उभा राहिला तिची मालकी त्याची, हा नियम न कळता मधे घुसणाऱ्याला आणि इतरांनाही इजा होते. तिथे लांबूनच पाहावं. पडताना डोकं दोन्ही हातांनी झाका आणि बोर्ड कधीही स्वतः आणि लाट यांच्या मधे धरू नका, तो छातीवर येतो.

लहान मुलं बरोबर असतील तर सर्फिंगऐवजी लेनॉक्स हेडला जा, वीसेक किलोमीटर. तिथलं लेक एन्सवर्थ हे गोड्या पाण्याचं तळं किनाऱ्याला लागूनच आहे. पाणी चहाच्या रंगाचं, ते काठच्या टी-ट्रीमुळे, घाण नव्हे. लाटा नाहीत, ओढ नाही. उन्हाळ्यात कधी निळ्या-हिरव्या शेवाळाची पाटी लागते, तेव्हा मात्र उतरायचं नाही.

सहावा दिवस: उरलेलं आणि निघणं

हा दिवस मोकळा ठेवा. रद्द झालेली बोट इथे बसते. गुरुवार आला तर शेतकरी बाजार सकाळीच गाठा, अकरापर्यंत आटोपतो. नाहीतर ब्रोकन हेड: टॅलोच्या दक्षिण टोकाचं लहान उद्यान, छोटी वाट, कमी माणसं. पोहायला मात्र तिथे पहारा नसेल असं धरूनच चला.

शिंपले, खडक, वाळू उचलून आणू नका. सागरी उद्यानाच्या राखीव पट्ट्यांत ते बेकायदा आहे. गाडी परत करण्याआधी पायपुसणी झटका आणि सीटखालची वाळू काढा, नाहीतर साफसफाईचे पैसे लावतात. पेट्रोल विमानतळाच्या आधीच्या पंपावर भरून पावती जपून ठेवा. उन्हाळी वेळेच्या काळात गोल्ड कोस्टहून उडत असाल तर या खेपेला तो एक तास तुमच्या बाजूने असतो. बायरनहून सकाळी आठला निघालात तर तासाभराने पोहोचता तेव्हा विमानतळावरच्या घड्याळातही आठच वाजलेले असतात. बॅलिनाहून जाणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांनी गाडी परत करण्याचा अर्धा तास धरून, सुटण्याच्या दोन तास आधी तिथे पोहोचावं.